थिबा पॅलेस आतून बघण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना रत्नागिरीला नेताय, तर थिबा पॅलेस आतून सजवलेला आहे का, की बाहेरूनच फोटो काढून निघावं?

सजवलेला नाही. झुंबरं, गालिचे, चांदीचे पलंग असलं डोळ्यांपुढे असेल तर निराशा होईल. खाली पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, त्यात जुन्या मूर्ती वगैरे. राजाच्या म्हणाव्यात अशा वस्तू मोजक्याच. तरीही आत जाच, कारण बघायचंय ते घर. अर्धवर्तुळाकार कमानींच्या नक्षीदार सागवानी खिडक्या, वरच्या दालनातली संगमरवरी फरशी. मी रत्नागिरीचा, पाहुणा आला की मलाच जावं लागतं, आणि दरवेळी त्या खिडक्यांपाशी माझा वेळ जातो.

आई-बाबांना आधी एवढं सांगा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. हा राजवाडा मात्र 1910 मध्ये तयार झाला. म्हणजे चोवीस वर्षं राजा दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला, आणि स्वतःचं म्हणावं असं घर मिळालं त्यात जेमतेम सहा वर्षं. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच गेला. राणी सुपायालत 1919 मध्ये मुलींना घेऊन परत गेली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, आपल्यासारखी मराठी बोलत म्हातारी झाली. हे ठाऊक असलं की रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत. नाहीतर मग पंधरा मिनिटांत "झालं का बघून?" होतं, आमच्या आत्याचं झालं तसं.

वर जायला जिनाच आहे, बाबांचे गुडघे बघून ठरवा. सोमवारी बंद असतं. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती चुकवू नका. शिवाजीनगरात राजाची समाधी आहे, तिथे फारसं कुणी फिरकत नाही. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" असं नीट सांगा, नाहीतर तो थिबा पॉइंटला नेऊन सोडेल. तिथून भाट्याची खाडी सुरेख दिसते, त्यामुळे तेही वाईट नाही म्हणा.

दरबारी थाटच बघायचा असेल तर सावंतवाडीचा राजवाडा गाठा. तिथे गंजिफांचे, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाचे, गोल पत्ते अजून हाताने रंगवतात.