ऑटोपायलट चालू असताना मार्ग बदलला तर विमानाला झटका का बसत नाही?

कारण नवा मार्ग थेट ऑटोपायलटच्या हाती जातच नाही. वैमानिक तो आधी विमानातल्या संगणकात भरतो. एअरबसमध्ये तो पडद्यावर पिवळ्या तुटक रेषेत दिसतो. तोवर विमान जुन्या हिरव्या रेषेवरच चालतं. नीट तपासून मंजूर केला की मग बदल लागू.

खरी गंमत पुढे. आमच्याकडे कोल्हापुरात हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. मुरलेला गडी स्टिअरिंगला हिसका देत नाही, नाहीतर ऊस रस्त्यावर! ऑटोपायलटही तसाच: पंख किती वेगानं कलवायचे याला मर्यादा, आणि प्रवासी विमानात कल साधारण २५ ते ३० अंशांच्या आत. बहुतेक वळणं तर मार्गावरचा वळणाचा बिंदू यायच्या आधीच सुरू होतात. शिवाय ऑटोपायलटचा मोड, म्हणजे काम करायची पद्धत, बदलला तरी नवी आज्ञा शून्यापासून नाही, पंख आत्ता जितके कललेत तिथूनच पुढे जाते.

जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरनं अचानक दिशा सांगितली तर? आधी दिशेचं बटण फिरवायचं, मार्ग मागाहून भरायचा.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरताना परवा पंचगंगा खिडकीत हळूच तिरकी झाली. शेजारच्या आजोबांचं घोरणं काही थांबलं नाही.