सज्जा बदलायचा, पण सगळी ठेव मोडून नाही

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: माडीचा लाकडी सज्जा कुजलाय. नव्या सागवानाचा खर्च मिस्त्री २,८५,००० सांगतो, लोखंडी सांगाड्याचा १,३५,०००. जवळ ३ लाखांची ७ टक्क्यांची मुदत ठेव आहे, तिला १४ महिने झालेत. जुलैत मुलीची कॉलेजची फी १,१०,००० भरायची आहे. यजमान म्हणतात, पीककर्जातून काढू. काय करावं?

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. सासूबाई अजूनही बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवायला त्या सज्ज्यावर जातात. ते आजपासून बंद करा. बिबडे यंदा अंगणात बाजेवर वाळतील. मग एक पेचकस घ्या आणि तुळई भिंतीत शिरते तिथे टोचून पाहा. ओल तिथेच साचते, म्हणून वरून धड दिसणारं लाकूडही तिथे आतून भुसा झालेलं असतं. पेचकस बोटाच्या पेराएवढा सहज आत गेला, तर हे काम पावसाळ्याआधीच करायचं. पैशाचा हिशेब त्यानंतर. आमच्या जुन्या घरी वडिलांनी अशा सज्ज्याला दोनदा ऑइलपेंट मारला होता. वरून चकचकीत दिसायचा, आत ओल कोंडून लाकूड आणखी लवकर गेलं. तो खर्च तुम्ही करू नका.

नवं सागवान मला पटत नाही. लाकूड चांगलंच आहे, पण २,८५,००० म्हणजे जवळजवळ सगळी ठेव, आणि फी तोंडावर आलीय. लोखंडी सांगाडा घ्या. मात्र वर पत्रा टाकू नका, वैशाखात त्यावर पाय ठेववणार नाही. जुन्या फळ्यांपैकी बऱ्याच बहुधा धड निघतील. कुजतात त्या टोकं आणि खिळ्यांच्या जागा, तेवढं कापून टाकायचं. धड फळ्या मध्ये थोडी फट ठेवून नव्या सांगाड्यावर बसवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. तसा हिशेब मिस्त्रीकडून नव्याने लिहून घ्या, १,३५,००० चा आकडा खाली यायला हवा.

मिस्त्री म्हणतो, "जुनं लाकूड मी नेतो, पाडायची मजुरी लावत नाही." यात तुमचं नुकसान आहे. जुन्या सागाला गिऱ्हाईक मिळतं. उरलेल्या लाकडाचे घनफूट मोजा, दोन व्यापाऱ्यांना दाखवा आणि पाडण्याची मजुरी रोख द्या.

आता पैसे. ठेव मोडली तर बँक आजवरच्या मुदतीला लागू असलेला दर देते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंडही कापते. एकूण सव्वा टक्का जरी कमी मिळाला, तरी ३ लाखांवर १४ महिन्यांचे सुमारे ४,४०० रुपये गेले. त्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या. याचा दर साधारणपणे ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतो. १,२०,००० घेतले, दर ९ टक्के धरला आणि कापूस विकून आठ महिन्यांत फेडले, तर व्याज ७,२००. तेवढ्याच रकमेवर ठेव तुम्हाला ५,६०० देत राहते. खरा भार १,६०० रुपयांचा. फीसाठी गरज पडली तर त्याच ठेवीवर आणखी कर्जही निघू शकतं.

पीककर्जाला मात्र माझा ठाम नकार. ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर केंद्राच्या व्याज सवलतीने ते ४ टक्क्यांनी पडतं, म्हणून मोह होतो हे मला कळतं. पण ते बियाणं-खतासाठी आहे. घराला लावलं की ऐन पेरणीत हात रिकामे, मग सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी. आणि मुदत चुकली की ३ टक्क्यांची सवलतही जाते.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत: घर अजून दिरांच्या आणि तुमच्या सामाईक नावावर आहे. ही मला लाकडाइतकीच महत्त्वाची वाटते. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा काढा, दिरांना दाखवा आणि सांगाड्याचा निम्मा खर्च मागा. जमणार नसेल तर तुम्ही किती रक्कम घातली ते त्यांच्या सहीने कागदावर घ्या, म्हणजे उद्या वाटणीत ती धरता येईल. भाऊजींशी हे बोलणं अवघड आहे, तरी मिस्त्रीला इसार देण्याआधीच बोला. सज्जा उभा राहिल्यावर तो कागद मागणं आणखी जड जाईल.