आजी स्वतःला अपात्र का म्हणते

सोनू बाळा,

रविवारी कॉलवर आजीनं प्रार्थना केली आणि नंतर तू विचारलंस, "आजी नेहमी स्वतःला पापी, अपात्र म्हणते. तिनं असं केलंय तरी काय? तुमच्या चर्चमध्ये लाज वाटायलाच शिकवायचे का?" मम्मीनं विषय बदलला, पण मला ते लागलं. म्हणून लिहितोय.

आजीनं काहीही केलेलं नाही, हे आधी सांगतो.

मी लहान असताना पणजोबांचं बोट धरून गावात पाटलांच्या वाड्यावर जायचो. तिथं त्यांना चहा मिळायचा, पण कप वेगळा. कान तुटलेला, वळचणीला खोचून ठेवलेला. चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि परत तिथंच खोचायचा. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 साली, आपलं घरही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, तरी गावाच्या लेखी आम्ही गावकुसाबाहेरचेच. तिथं पणजोबांची मान वर झालेली मी कधी पाहिली नाही.

रविवारी तेच पणजोबा गुडघे टेकून "प्रभू, मी अपात्र आहे" म्हणायचे आणि उठायचे ते ताठ. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून प्यायचा, पेला एकच असायचा. पाळक, शाळेतले मास्तर, ऊसतोडीला जाणारे, पणजोबा, सगळ्यांच्या ओठांना तोच लागायचा. देवापुढं वाकण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ही रीत मिशनऱ्यांनीच आणली असंही नाही. आजी जी भजनं म्हणते त्यातली कितीतरी नारायण वामन टिळकांची. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. तुकोबाही स्वतःला पतितच म्हणवून घेतात. शेजारच्या माळकरी काकू पहाटे अभंग म्हणायच्या आणि इकडे आजीची प्रार्थना चालायची. मला झोपेत दोन्ही एकच वाटायचं.

पण सगळं असंच होतं म्हटलं तर खोटं होईल. आबांची कारखान्यातली नोकरी गेली, डोक्यावर कर्ज झालं, आणि आजी शेवटच्या बाकावर बसायला लागली. पेला आला की न पिता शेजारणीच्या हातात द्यायची. काठाला बोट लागू नये म्हणून पदरानं धरायची. अयोग्य रीतीनं हा पेला पिऊ नये, असं बायबलात प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय ना, ते तिनं स्वतःवर ओढून घेतलं. खरं तर करिंथच्या मंडळीत काही जण आधीच पोटभर खायचे आणि गरीब उपाशी राहायचे, म्हणून पौल चिडला होता. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं त्यानं विचारलंय. बोल लावला होता खाणाऱ्यांना, आणि तो मनाला लावून घेतला माझ्या उपाशी आईनं! हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

साक्षीच्या सभेतही लोक नोकरी लागल्याचं, आजार बरा झाल्याचं सांगायचे. घरात पीठ नाही, असं उठून कुणी म्हणायचं नाही. आपलीच श्रद्धा कमी पडते, असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं. आजही कधीकधी वाटतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे धड 'हो' नाही आणि धड 'नाही'ही नाही. आजी पुन्हा प्रभुभोजन घ्यायला लागली, पण कशी ते मी तिला कधी विचारलं नाही. तू विचारलंस तर सांगेल, तुझ्यावर तिचा जीव आहे.

आजीचे शब्द तू म्हणायलाच हवेत असं नाही, माझ्यासाठी तर नकोच. इथल्या युवकसंघात सगळे घडाघडा प्रार्थना करतात आणि तुला सुचत नाही, असं मागे म्हणाली होतीस. नाही सुचलं तर गप्प बस. कुणी विचारलंच तर, मला आज येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

तुझा,
पप्पा