वाचकांचे प्रश्न : न वाचताच येणाऱ्या मैत्रिणी

प्रश्न : आम्ही सात मैत्रिणींनी वाचनगट सुरू केला. दुसऱ्याच बैठकीला तिघी पुस्तक न वाचता आल्या. काय करावं?

उत्तर : जाडजूड कादंबरी घेतली असेल, तर हे होणारच. सुरुवातीला दोनशे पानांच्या आतलं पुस्तक घ्या. रोज दहा पानं वाचली तरी वीस दिवसांत संपतं. ग्रंथालयात बहुधा एकच प्रत असते, म्हणून पुढचं पुस्तक आधीच्याच बैठकीत ठरवून प्रती मागवा. निवड आळीपाळीने करा. मतदानात सगळ्यांना चालणारं, पण कुणालाच हवंसं नसलेलं पुस्तक निघतं! जिची पाळी, तिने चार प्रश्न आदल्या दिवशी पाठवावेत. ‘आवडलं का?’ नको, ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. ‘सासूने पत्र का लपवलं?’ असं नेमकं विचारा. आणि पोहे चर्चेनंतर.