व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचे सुटे भाग मुंबईत कुठे मिळतील?

कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर नवेच घ्या. दुकानात पडून राहिलेला जुना माल नको. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आवाजाचा सिग्नल जिथे येतो ती पिन) जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सगळ्यात आधी बदला, ६३० व्होल्टचा फिल्म टाइप. तो गळका असेल, म्हणजे त्यातून डीसी झिरपत असेल, तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. हा ट्रान्सफॉर्मर मिळवणं मग खरंच अवघड!

वीजपुरवठ्यातली घरघर गाळणाऱ्या फिल्टरला ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा कपॅसिटर घ्या. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड८० असेल तर त्याच्या लगतचा कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका.

व्हॉल्व्ह, नॉब, डायलची काच चोर बाजारात धुंडाळा. व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, घेऊ नका.