ऊ, जळू आणि बांगड्याचा कल्ला

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: बांगडा साफ करताना कल्ल्यात पांढुरकं, पायवालं काहीतरी चिकटलेलं निघालं. आजी म्हणाल्या गोचीड. मोबाइलवरच्या बातमीत होतं 'माशाची जीभ खाणारा कीटक'. बेळगावच्या बाजारातल्या मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय होत न्हाई ओ, ऊ हाय ती." बरोबर कोण?

मावशी.

'कीटक' आधी बाजूला ठेवा. वळवळणारं काही दिसलं की कीटक, हे बातमीदारांचं खूळ ऐकून कान किटले. कीटकाला सहा पाय असतात, याला सात जोड्या, म्हणजे चौदा. हा कोळंबी-खेकड्याच्या गोतातला. गण आयसोपॉड, म्हणजे समपाद, कुळ सायमोथॉइडी. बातमीतली जीभखाऊ जात पूर्व प्रशांत महासागरातली. ती जिभेचं रक्त शोषते, जीभ वाळते आणि मग तीच जिभेच्या जागी ठाण मांडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बांगड्याच्या कल्ल्यात मिळते ती नोरिलेका. ती खाणाऱ्याला अपाय करत नाही. (नाव 'कॅरोलाइन'ची रोमन अक्षरं उलटसुलट करून केलंय. ही रीत लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं 1818 मध्ये या गोतावळ्याला लावली.) गोचीड तर गुराढोरांची आणि आठ पायांची, ती इथं नको.

आता ऊ. संस्कृत यूका, पालीत ऊका, पुढे 'क' गळाला आणि उरली ऊ. हिंदीनं 'य'चा 'ज' करून जूँ केली. मराठीनं सगळी व्यंजनं टाकली आणि एका स्वरावर अख्खा प्राणी उभा केला! आमच्याकडं 'ऊ ही कन्नड हेनुवरून आली' असं छातीठोक सांगणारे आहेत. साफ चूक. हेनुचं जुनं रूप पेन्, तमिळमध्ये आजही तेच. कन्नडमध्ये 'प'चा 'ह' झाला, जसं तमिळ पाल् म्हणजे दूध, ते इथं हालु. या पेन्‌मधून ऊ कशी निघणार? एकाच गल्लीत एका दारात ऊ मारतात, दुसऱ्या दारात हेनु. शेजार आहे, नातं नाही.

पण मला सांगायचंय ते जळूबद्दल. सुश्रुतसंहिता म्हणते, जल हेच जिचं ओक, म्हणजे घर, ती जलौका. ही फोड सगळे डोळे मिटून पुढे देतात. मला ती मुळीच पटत नाही. पाणी हे घर बेडकाचंही, खेकड्याचंही आणि माशाचंही. मग हे नाव एकट्या जळूलाच का मिळावं? संस्कृतात 'जलूका' हे रूपही आहे. त्यात पालीतली ऊका ठेवून बघा: जल अधिक ऊका, पाण्यातली ऊ! चिकटते आणि रक्त पिते, म्हणून ऊ. घराची फोड पंडितांनी मागाहून बसवली, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात कणकुंबीच्या रानात जाऊन या. ओल्या पाचोळ्यातून जळू पायावर चढते, तिथं तळं नाही की ओढा नाही, तरी तिला कुणी वेगळं नाव दिलं नाही. शब्दातलं पाणी आटलं, चिकटणं राहिलं. मराठीत तर दोघींची अनेकवचनंही जोडीनं चालतात: ऊ-उवा, जळू-जळवा.

म्हणजे सहा पाय नसलेल्या, पाण्यातल्या रक्तपित्याला ऊ म्हणायची वाट जुनीच आहे. मावशी त्याच वाटेनं गेल्या.

आणि त्यांनी 'ती' म्हटलं, तुम्ही पत्रात 'तो' लिहिलंय. या कुळात पिल्लू आईच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर पडतं तेव्हा त्याला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे येते. मासा सापडला की ते आधी नर होतं आणि मोठं झाल्यावर मादी. कल्ल्यात मादी आधीच असली की नंतर आलेला नरच राहतो. तुमच्या बांगड्यातली चांगली नखाएवढी होती म्हणता, तर ती बहुधा मादीच. दुसऱ्या बाजूचा कल्लाही उघडून बघा, तिथं एखादा लहानसा 'तो' असेल.