चिनी शिकायचंय, एक्सचेंजला तैपेई, हाँगकाँग की शांघाय?

बोलती मँडरिन (प्रमाण चिनी) हवी असेल तर हाँगकाँग नको. हाँगकाँग विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत, रस्त्यावर कँटोनीज, म्हणजे तिथली वेगळी चिनी बोली. इतर विषय इंग्रजीतून शिकायचे असतील तर मात्र उत्तम.

तैपेईचं राष्ट्रीय तैवान विद्यापीठ की शांघायचं फूदान, हे लिपी बघून ठरवा. तैवानात पारंपरिक अक्षरं, शांघायला सोपी केलेली: ‘शिकणे’चं अक्षर तैवानात १६ रेघांचं, शांघायला ८. भारतात सोपी अक्षरं शिकला असाल तर तैपेईत सुरुवातीला मेन्यूकार्डसुद्धा अडतं.

शांघायला १८० दिवसांहून जास्त राहणार असाल तर एक्स-१ (विद्यार्थी) व्हिसा लागतो आणि उतरल्यापासून ३० दिवसांत रहिवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. विद्यापीठाबाहेर खोली घेतलीत तर २४ तासांत पोलीस चौकीत नोंद कराच. ती पावती नसली की परवान्याचं काम अडतं.